दहावीतलं पोर, द्राक्षाचा हंगाम आणि सहामाहीची उत्तरपत्रिका

तासगाव तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा मराठी माध्यमातून दहावीला आहे. सहामाही परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर झाली. त्यात बीजगणितात ४० पैकी १३, भूमितीत ११, विज्ञानाच्या पहिल्या भागात १६ आणि दुसऱ्या भागात २१ गुण मिळाले. मराठीत ८० पैकी ५८ आहेत, इंग्रजीत ३१. घरची द्राक्षबाग आहे आणि चुलतभावाला गेल्या वर्षी चांगले टक्के पडले. वडिलांनी ठरवलंय की डिसेंबरपासून मुलाला सांगलीत खोली घेऊन द्यायची, मोठा क्लास लावायचा, मोबाइल काढून घ्यायचा आणि तोपर्यंत रोज पहाटे चारला उठवायचं. "नापास झालास तर बागेत औषध मारायला चल," हे वाक्य घरात रोज ऐकू येतं. मुलगा गप्प असतो, जेवता जेवता उठून जातो. आई लिहितात, "मी सातवी शिकलेली, मला त्याचं बीजगणित कळत नाही. तो तीन-तीन तास पुस्तक धरून बसतो, तरी मार्क का पडत नाहीत? त्याला सांगलीला पाठवू का? आणि अकरावीला सायन्स मिळेल ना?"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: तो तीन तास पुस्तक धरून बसतो. म्हणजे पोरगं अभ्यास टाळत नाहीये. ते बसतंय, आणि बसूनही हाताला काही लागत नाहीये. अशा मुलाला चारला उठवून आणखी दोन तास बसवलं, तर तेच आणखी दोन तास होईल. तेव्हा खोली, क्लास, मोबाइल या सगळ्यांच्या आधी एक काम करा. शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिका बघायला मागा. घरी देत नसतील, तर तिथेच अर्धा तास मुलाला शेजारी घेऊन बसा.

त्याआधी एक भीती दूर करू. १३ आणि ११ बघून तुम्ही दोघांनी तो गणितात नापास आहे असं धरलंय. बोर्डात बीजगणित ४०, भूमिती ४० आणि शाळेचं अंतर्गत मूल्यमापन २० असा गणित हा एकच विषय १०० गुणांचा असतो, आणि उत्तीर्ण व्हायला त्यात ३५ लागतात. त्याचे लेखीचे २४ झालेत. गृहपाठाच्या वह्या पूर्ण असतील आणि शाळेतली बहुपर्यायी चाचणी नीट दिली असेल, तर अंतर्गतचे गुण मिळून तो आजच ३५ च्या पुढे जाऊ शकतो. विज्ञानाचं तसंच आहे, दोन लेखी भाग आणि २० गुणांचं प्रात्यक्षिक. इंग्रजीतही ८० लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत. म्हणून प्रयोगवही अर्धवट असेल तर ती याच आठवड्यात पूर्ण करून सही घ्यायला सांगा. हे गुण फेब्रुवारीच्या पेपरच्या आधीच ठरून जातात आणि ते वाया घालवणारी मुलं दरवर्षी असतात. टक्केवारी काढताना सहापैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतात, पण उत्तीर्ण मात्र सहाही व्हावे लागतात. एखादा विषय कच्चा असला म्हणून सगळं गेलं असं होत नाही, आणि तो विषय सोडूनही चालत नाही.

आता उत्तरपत्रिका. तुम्हाला बीजगणित येण्याची गरज नाही. मुलाच्या हातात पेन्सिल द्या आणि गुण गेलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक शब्द त्याच्या वहीत लिहायला सांगा: "आलं नाही", "चुकलं" किंवा "राहिलं". आलं नाही म्हणजे धडाच कळलेला नाही. चुकलं म्हणजे रीत माहीत होती, पण चिन्ह, पाढा किंवा एकक घसरलं. राहिलं म्हणजे वेळ संपला. मग तिन्हींचे गुण वेगवेगळे बेरीज करा. तीन तास पुस्तक घेऊन बसणाऱ्या मुलांमध्ये "चुकलं" आणि "राहिलं" यांची बेरीज बहुतेक वेळा "आलं नाही"पेक्षा मोठी निघते. ती मोठी निघाली तर सांगलीचा क्लास त्यावर औषध नाही, कारण क्लासमध्ये धडे शिकवतात आणि त्याचं दुखणं लिहिण्यात आहे.

"चुकलं" म्हणजे काय, एक उदाहरण देते. वर्गसमीकरण सूत्राने सोडवायचंय आणि मधलं पद आहे वजा ७ एक्स. इथे बी ची किंमत वजा ७. सूत्राची सुरुवात "वजा बी"ने होते, म्हणून तिथे अधिक ७ यायला हवा. मुलगा घाईत वजा ७ लिहितो आणि पुढच्या चार ओळी बरोबर रीतीने करूनही उत्तर चुकतं. त्याला रीत येते. पण त्याने "ए बरोबर, बी बरोबर, सी बरोबर" ही ओळ कागदावर लिहिलीच नाही, मनात केली. ती ओळ लिहायची सवय लागायला पंधरा उदाहरणं पुरतात. संभाव्यतेत असंच नमुना अवकाश लिहीत नाहीत. दोन फासे टाकले की ३६ शक्यता, त्या मांडायचा कंटाळा करतात आणि मांडणीचे गुण घालवतात. विज्ञानाच्या गणितात सूत्र, किमती घालणं, उत्तर आणि एकक यांना वेगवेगळे गुण असतात. उत्तर चुकलं तरी सूत्राचे मिळतात, आणि उत्तर बरोबर असूनही जूल किंवा ओहम लिहायला विसरला तर जातात. भूमितीत प्रमेयाला पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार भाग लिहावे लागतात. रचनेच्या प्रश्नात कंपासचे कंस खोडले की गुण गेले. मुलं चित्र स्वच्छ दिसावं म्हणून नेमके तेच खोडतात.

वाचणं आणि लिहिता येणं यांतलं अंतर घरच्या घरी मोजता येतं. आज रात्री जेवण झाल्यावर त्याला नुकताच वाचलेला भाग विचारा, उदाहरणार्थ प्रमाणाचं मूलभूत प्रमेय. पुस्तक तुमच्या मांडीवर, त्याच्यापुढे कोरा कागद. त्याने लिहायचं, तुम्ही ओळीला ओळ ताडून बघायची. अर्थ नाही कळला तरी राहिलेली ओळ तुम्हाला दिसेल. गणिताच्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची आहे, त्यावरून त्याची उदाहरणं तपासणंही तुम्हाला जमेल. सातवी शिकलेल्या आईला दहावीच्या अभ्यासात करण्यासारखं इतकं आहे, आणि शिकवणीपेक्षा मुलाला याची गरज जास्त असते. फक्त चूक दिसली की ओरडू नका. त्या ओळीखाली ठिपका द्या आणि त्याला स्वतः शोधू द्या.

बीजगणिताचा पेपर कसा असतो तेही घरात माहीत असू द्या, कारण १३ वरून वर यायची वाट तिथेच आहे. पहिल्या प्रश्नात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे, मिळून ८. दुसऱ्यात आधी दोन कृती, ४ गुणांच्या, मग दोन-दोन गुणांची चार उदाहरणं, ८ गुण. तिसऱ्यात ३ गुणांची एक कृती आणि तीन-तीनची दोन उदाहरणं. चौथ्यात चार-चारची दोन. पाचवा ३ गुणांचा, विचार करायला लावणारा. कृती म्हणजे उदाहरण जवळजवळ पूर्ण सोडवून दिलेलं असतं, फक्त चौकटी भरायच्या. पहिला प्रश्न आणि दोन्ही ठिकाणच्या कृती धरल्या तर १५ गुण होतात. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला न शिवताही हे १५ हातात येऊ शकतात. त्याच्या उत्तरपत्रिकेत यातले किती गेलेत, ते मुद्दाम बघा.

वेळेचा हिशोब सोपा आहे. ४० गुणांना दोन तास, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. पहिला प्रश्न पंधरा मिनिटांत, दुसरा पस्तीस, तिसरा तीस, चौथा पंचवीस, पाचवा दहा. पाच मिनिटं उरतात, आणि शेवटी मिळणारी जादा दहा मिनिटं तपासायला. भाषेच्या पेपरला ८० गुणांना तीन तास म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं, तिथे हात भरभर चालावा लागतो. तुमच्या मुलाचं "राहिलं" मोठं असेल तर कारण बहुधा एकच असेल: चार गुणांच्या एका उदाहरणावर तो पंचवीस मिनिटं अडून बसला. बारा मिनिटांत नाही सुटलं तर जागा सोडून पुढे जायचं, हे घरी सराव केल्याशिवाय परीक्षेत होत नाही. रविवारी सकाळी अकरा ते एक, बोर्डाच्याच वेळेला, एक पेपर घड्याळ लावून सोडवायचा. एका रविवारी बीजगणित, पुढच्या रविवारी विज्ञान एक, असं. तेव्हा घरात कुणी हाक मारायची नाही, पाहुणे आले तरी नाही. पेपर जुना असला तरी चालेल, झेरॉक्स काढून आणा. मोबाइलवर बघून सोडवायला देऊ नका.

"आलं नाही"चा ढीग उरला, तर तिथे शिक्षक लागतील. पण सगळ्या धड्यांना नाही. बीजगणितात सहाच प्रकरणं आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. यांपैकी अर्थनियोजन मुलं घाबरून सोडतात, खरं तर शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ते सगळ्यात जवळचं. औषध दुकानाचं जीएसटी लावलेलं बिल त्याच्यापुढे ठेवा. १८ टक्के असेल तर ९ केंद्राचा, ९ राज्याचा, दोन्ही त्या बिलावर वेगळे छापलेले दिसतील. संभाव्यता आणि अंकगणिती श्रेढी आठ-आठ दिवसांत हाताखाली येतात. शाळेच्या गणिताच्या शिक्षकांना भेटाल तेव्हा "कसा आहे तो?" असं विचारू नका. "कोणती दोन प्रकरणं केली तर त्याचे गुण लवकर वाढतील?" असं विचारा. या प्रश्नाला ते नेमकं उत्तर देऊ शकतील. गावात किंवा तासगावात कुणी आठवड्यातून दोनदा त्या दोन प्रकरणांपुरतं शिकवत असेल तर तेवढं पुरे.

सांगलीच्या खोलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पाठवू नका. डिसेंबरात बहुतेक क्लासचा अभ्यासक्रम शिकवून संपत आलेला असतो आणि चाचण्या सुरू झालेल्या असतात. वर्ष मध्येच धरणारं मूल मागच्या बाकावर बसून वह्या उतरवत राहतं. शाळेत ७५ टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकं, तोंडी परीक्षा आणि जानेवारीतली पूर्वपरीक्षा शाळेतच आहे. पंधरा वर्षांचा मुलगा खोलीवर एकटा राहिला तर जेवण, झोप, कपडे सगळं त्याने बघायचं, आणि रात्री दहानंतर तो काय करतोय हे कुणी बघणार नाही. आणि ज्याच्याशी घरात नीट बोलणं होत नाही, त्याला घरापासून लांब ठेवलं तर ते आणखी कमी होतं. क्लासची इच्छा मुलाचीच असेल, तर शनिवार-रविवार एसटीने जाऊन येण्यासारखी सराव परीक्षांची तुकडी बघा.

पहाटे चारचं उठणंही थांबवा. या वयात आठ तास झोप लागतेच, नऊ मिळाली तर उत्तम. रात्री अकराला झोपून चारला उठलेलं पोर साडेदहाच्या शाळेत पहिल्या तासाला पेंगतं, आणि दिवसाचा अभ्यास तिथेच जातो. पावणेदहाला दिवा बंद, पावणेसहाला उठायचं. सकाळी सहा ते साडेसात गणित, तेही लिहून. संध्याकाळी सात ते साडेआठ विज्ञान किंवा इंग्रजी. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास मराठी, इतिहास, भूगोल वाचायला. शाळा सोडून एवढंच. त्याच्या ३१ गुणांच्या इंग्रजीसाठी रोज एक न वाचलेला उतारा आणि एक दिवसाआड एक पत्र किंवा छोटा मजकूर लिहायचा. व्याकरणाची जाड गाईडं आत्ता उघडू नका.

मोबाइलचं म्हणाल, तर पोराकडून काढून घेतला आणि बाबा शेजारी बसून रील बघत असले, तर तो नियम टिकत नाही. तुमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये जे केलं ते लक्षात घ्या. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा आणि दीड तास गावात सगळ्यांचेच टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे, असं ठरलं. भोंगा नसला तरी तुमच्या चार माणसांच्या घरात सात ते साडेआठ सगळे फोन देवघराजवळ एका डब्यात जाऊ शकतात, बागेच्या कामाचा फोन आला तर उठून घ्यायचा. बाकीच्या वेळात त्याला फोन लागेल. पाठ्यपुस्तकं बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवली आहेत, आणि अडलेल्या उदाहरणाचा व्हिडिओ बघणं हाही अभ्यासच आहे.

आता बागेबद्दल, आणि हे बाबांना वाचून दाखवा.

ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत तुमच्या घराचा सगळा श्वास बागेत अडकलेला असतो. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, ढगाळ हवा आली की रात्री-अपरात्री फवारणी, लाइट येईल तेव्हा मोटर. आणि काढणीचे नेमके दिवस म्हणजे दहावीचे पेपर. घरातल्या चिडचिडीत या दिवसांचा वाटा आहे. बाबा दमून येतात, भाव काय मिळेल याची काळजी असते, आणि समोर १३ गुणांची उत्तरपत्रिका येते. तोंडातून बागेची धमकी निघते हे मी समजू शकते. पण बाबा, ज्या बागेवर हे घर चाललंय, जिच्यासाठी तुम्ही रात्री उठता, तीच पोराला शिक्षा म्हणून दाखवताय. त्याने यातून दोन गोष्टी ऐकल्या: बाप करतो ते काम नापासांचं आहे, आणि मी तिथेच जाणार आहे. असं मनात धरून बसलेल्या मुलाची पुस्तकात नजर ठरत नाही. हे वाक्य बंद झालं तर मुलगा जेवताना ताटावर टिकेल. चुलतभावाचे टक्केही तेवढ्यापुरते बाजूला ठेवा.

काम पूर्ण बंद करायचीही गरज नाही. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा तो बागेत आला, क्रेट उचलले, चार ओळी फिरला, तर डोकं मोकळं होतं. रात्रीची मोटर आणि फवारणी मात्र परीक्षा संपेपर्यंत त्याच्याकडे नको. त्या महिन्यांसाठी गडी किंवा भाऊबंदांकडून एक हात आत्ताच ठरवून ठेवा, कारण फेब्रुवारीत माणूस मिळत नाही. आणि बाबांनी एक काम स्वतःकडे घ्यावं. हॉलतिकीट शाळेतून आलं की मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. प्रमाणपत्रावर तेच येतं, चूक असेल तर तिथल्या तिथे मुख्याध्यापकांना सांगायची. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावात आलं, तर आधी एकदा त्याच वेळेला दोघांनी गाडीवरून जाऊन यायचं. अकराच्या पेपरला साडेदहाला आत असावं लागतं, आणि ऊस-द्राक्षांच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर वीस मिनिटांची वाट चाळीसची होते.

नापास झाला तर काय, ही भीती घरात कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून ती वाढते. एकदा मोठ्याने बोलून टाका. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. वर्ष वाया जातंच असं नाही, हे मुलाला वडिलांच्या तोंडून ऐकू द्या.

जेवता जेवता उठणं, गप्प बसणं हे आत्ता तरी घरातल्या ताणाचं दिसतंय. पण झोप उडाली, आवडीचं सगळं सुटलं, "मी नसलो तर बरं होईल" असं काही बोलला किंवा लिहून ठेवलं, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे. त्यावर मराठीत बोलता येतं आणि आई-वडीलही फोन करू शकतात.

राहिला सायन्सचा प्रश्न. तो त्याने विचारलाय की तुम्ही, हे पत्रातून कळलं नाही. विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे जीवशास्त्र आणि पर्यावरणाच्या बाजूला, त्याला पहिल्यापेक्षा बरे गुण आहेत. मराठी चांगलं आहे. अकरावीशिवाय मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, आयटीआय आहे, आणि शेतीचाच पुढचा अभ्यास करायचा तर त्यालाही वाटा आहेत. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात. पसंतीक्रम देण्याआधी त्याला एकदा तंत्रनिकेतन आणि एकदा ज्युनिअर कॉलेज आतून दाखवून आणा. पेपर संपल्यावर एप्रिलमध्ये, बागेची काढणी उरकली की, त्याला मोकळा वेळ असेल आणि तुम्हालाही.